संशोधनक्षेत्रांच्या भेटी व त्यांची नोंद

पौष-माघ आला म्हणजे खानदेशांतील रस्त्यांवर शेतकऱ्यांच्या सहलींच्या बसगाड्या दिसूं लागतात. खरिपाचें पीक घरांत आलेलें असतें, हरभरा व गहूं उभे असतात, लग्नसराईस अद्याप थोडा अवकाश असतो, आणि सरकारी वर्ष मार्चअखेर संपत असल्यामुळें अभ्यासदौऱ्यांकरितां मंजूर झालेला पैसाही बहुधा याच सुमारास खर्ची पडतो. गाडीच्या पुढें कापडी फलक, आंत चाळीस-पन्नास शेतकरी, मागल्या आसनांवर पुरी-भाजीचे डबे, असा हा थाट असतो. आम्ही स्वतः अशा अनेक गाड्यांतून गेलों आहों व यापुढेंही जाऊं. शेतकऱ्यानें संशोधन स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, याविषयीं आमच्या मनांत यत्किंचितही संदेह नाहीं. परंतु ही भेट कोणत्या दिवशीं, किती जणांनीं व काय पाहण्याकरितां घ्यावी, आणि ती कोणीं कोठें लिहून ठेवावी, याविषयीं आपल्याकडे जी अनास्था आहे तिच्यासंबंधीं आज लिहिण्याचें योजिलें आहे.

खानदेशांत पाहण्यासारखें पुष्कळ आहे. जळगांवास केळी संशोधन केंद्र व तेलबिया संशोधन केंद्र आहे. जवळच ममुराबादेस कृषि विज्ञान केंद्र आहे. रावेर तालुक्यांत सातपुड्याच्या कुशींत पाल येथें दुसरें केंद्र आहे. धुळ्यास कृषि महाविद्यालय व त्याची शेती आहे. नंदुरबारासही केंद्र आहे. जळगांवजवळच्या जैन हिल्सवर ठिबक सिंचन, टिश्यूकल्चरची केळ व फळबागा पाहण्यास परप्रांतांतून शेतकरी येतात, आणि २०१२ सालीं तेथें गांधीतीर्थ झाल्यापासून त्यांत शाळांच्या सहलींचीही भर पडली आहे. इंग्रजी अमदानींतही धुळें व जळगांव येथें सरकारी प्रयोगक्षेत्रें होतीं व तेथें कापसाच्या जातींवर काम चाले. जळगांवच्या तेलबिया केंद्रांतून निघालेला ‘जे. एल. २४’ ऊर्फ फुले प्रगति हा भुईमूग (‘जे. एल.’ हीं अक्षरें जळगांवचींच होत) पुढें आफ्रिकेंतील मलावी व झांबिया या देशांत तेथील नांवें घेऊन रुजला. आपल्या तालुक्यांतील किती भुईमूगवाल्यांनीं हा वाण जेथें सिद्ध झाला ती जागा पाहिली असेल, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. ज्या पद्धतीनें आपण पाहावयास जातों, तिनें गेल्यावर ती दिसण्याचा संभवही थोडा आहे.

गेल्या माघांतील आमच्याच संघाची सहल घ्या. संस्थेचें नांव येथें देत नाहीं, कारण दोष एकट्या संस्थेचा नव्हता. चोपडा तालुक्यांतून गाडी पहांटे निघाली व अकराच्या सुमारास क्षेत्राच्या फाटकाशीं उभी राहिली. तेथें आधींच दोन गाड्या होत्या. एक मराठवाड्यांतील शेतकऱ्यांची होती व एक विद्यालयाच्या मुलांची. तिन्ही मिळून सुमारें दीडशें माणसें झालीं. ज्या शास्त्रज्ञांस भेटण्यासाठीं आम्ही गेलों होतों ते बैठकीस परगांवीं गेले होते. मागें राहिलेल्या तरुण साहाय्यकानें बिचाऱ्यानें हातांत ध्वनिवर्धक घेऊन सर्वांस एकदमच फिरविलें. पुढच्या वीस-पंचवीस जणांस कांहीं ऐकूं आलें. मागचे आपसांत भावताव बोलत चालले. कापसाच्या क्षेत्रांत पऱ्हाट्या उपटून ढीग घातलेले होते. केळीची बाग बांधावरून दाखविण्यांत आली, कारण एवढा जमाव आंत सोडणें शक्य नव्हतें. आमच्यापैकीं अकरा जण हरण्या रोगाविषयीं विचारण्यासाठींच आले होते. त्यांचा प्रश्न विचारावयाचा राहूनच गेला. दीड वाजतां जेवणें झालीं, आणि निघतांना अभिप्रायवही पुढें आली. तींत ‘अत्यंत उपयुक्त माहिती मिळाली’ असें लिहिलेलें आहे. तें अक्षर आमचेंच आहे, व तें वाक्य खरें नाहीं.

त्या दिवशीं आमच्या एका सभासदाच्या शेतांत पाणी देण्याची पाळी होती ती चुकली. दुसऱ्याचा मका मजुरांवर टाकून तो आला होता. शेतकऱ्याचा दिवस फुकटचा असतो असें शहरांतील माणसास वाटतें. दुर्दैवानें सहली काढणाऱ्या आपल्या मंडळींसही कधीं कधीं तसेंच वाटत असावें. आमच्या चिटणीसांनीं संस्थेस दूरध्वनि केला होता खरा, पण तो आदल्या दिवशीं सायंकाळीं. किती माणसें येणार, तीं कोणतीं पिकें घेतात, त्यांस काय विचारावयाचें आहे, यांतील एकही गोष्ट त्यांनीं सांगितली नाहीं, आणि पलीकडून कोणीं विचारलीही नाहीं.

आतां थोडा हिशेब करूं. उघड्या शेतांत एका माणसाचा साधा आवाज पंचवीस जणांपर्यंत नीट पोंचतो. एक फेरी सव्वा तासाची धरली आणि दाखविणारे दोनच जण असले, तरी सकाळीं आठपासून दुपारीं बारापर्यंत तीन फेऱ्या सहज होतात. म्हणजे दीडशें माणसें, एकालाही न ओरडतां, क्षेत्र नीट पाहून जाऊं शकतात. हींच दीडशें माणसें अकरा वाजतां एकदम आलीं कीं ती जत्रा होते. माणसें तितकींच, क्षेत्र तेंच, दाखविणारेही तेच. अडचण येण्याच्या वेळेची आहे, व वेळ आधीं ठरवितां येते.

असें ठरविण्याकरितां संगणकावर चालणाऱ्या योजना, ज्यांस सॉफ्टवेअर म्हणतात, जगांत आज सर्वत्र आहेत. नांव भारी असलें तरी वस्तु मूळ ओळखीचीच आहे. गांवच्या सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्यांचा जो तक्ता असे, तोच हा. एका बाजूस दिवस व तास मांडलेले असतात. प्रत्येक तासापुढें किती माणसें घेतां येतील व दाखविणारा कोण, हें लिहिलेलें असतें. भेट मागणारा आपलें गांव, माणसांची संख्या, पीक व प्रश्न नोंदवितो. जागा रिकामी असेल तर तेथें त्याचें नांव चढतें. भरलेली असेल तर लगतची दुसरी वेळ पुढें येते. कोणीं भेट रद्द केली तर वाट पाहणाऱ्याचा नंबर आपोआप लागतो. दोन दिवस आधीं दोन्ही पक्षांस मोबाईलवर स्मरणाचा संदेश जातो. शास्त्रज्ञ बैठकीस जाणार असतील तर तो दिवस तक्त्यांत आधींच बंद दिसतो. एवढेंच तिचें काम. शिर्डीस वा तिरुपतीस जाणाऱ्या भाविकांस दर्शनाची वेळ आधीं राखून ठेवण्याची ही रीत चांगली परिचयाची झाली आहे. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयनेंही हमीभावानें कापूस घालण्याकरितां ‘कपास किसान’ या मोबाईलवरील अ‍ॅपांत नांव नोंदवून दिवस घेण्याची पद्धत सुरू केली. म्हणजे देवदर्शनास व कापसास जी शिस्त लागली, ती विद्येच्या दर्शनासच काय ती अजून लागलेली नाहीं.

परंतु पाण्याच्या तक्त्यांत व या तक्त्यांत एक भेद आहे, आणि तो सामान्य दर्शनाच्या योजना उचलून आणणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावा. देव बाराही महिने दिसतो. पीक दिसत नाहीं. गुलाबी बोंडअळीचें काम समजून घ्यावयाचें तर आश्विन-कार्तिकांत बोंड फोडून पाहिलें पाहिजे. मृगबागेची लागवड ज्येष्ठ-आषाढांत पाहावयाची, कांदेबागेची त्यानंतर तीन महिन्यांनीं. भुईमुगाच्या आऱ्या जमिनींत कशा उतरतात तें पाहावयाचें तर झाड फुलावर असतां गेलें पाहिजे; शेंगा वाळल्यावर जाऊन काय उपयोग? तेव्हां संशोधनक्षेत्राच्या भेटींचा तक्ता पंचांगाला व पिकाला जोडलेला असावा. अमक्या पंधरवड्यांत अमक्या प्लॉटवर काय पाहण्यासारखें आहे, हें संस्थेनें त्यांत आधीं मांडावें, व आपण तें वाचून दिवस मागावा. आज होतें तें उलट होतें. पैसा मंजूर झाला म्हणून आपण फेब्रुवारींत जातों व पऱ्हाट्यांचे ढीग पाहून येतों. पैसा कोणत्या महिन्यांत सुटावा हें आपल्या हातीं नाहीं असें म्हणतात. तें खरें असेल. पण ‘आत्मा’च्या तालुकापातळीवरील सल्लागार समित्यांवर शेतकरीच बसतात, त्यांनीं हा प्रश्न वर्षारंभींच कां काढूं नये?

मोठमोठ्या संशोधनसंस्थांनींही ही गोष्ट क्षुल्लक मानलेली नाहीं. जिनीव्हा शहराजवळ ‘सर्न’ म्हणून अणुगर्भांतील कणांचा अभ्यास करणारी युरोपांतील राष्ट्रांची संस्था आहे. तेथें वाट दाखविणारे पुष्कळसे तेथीलच काम करणारे लोक असतात व तें काम ते स्वखुषीनें करतात. म्हणून त्यांचा वेळ मोजून वापरावा लागतो. समुदायानें येणारांनीं पुष्कळ आधीं अर्ज करावयाचा असतो. पण एकटादुकटा वाटसरू आला तर त्यास त्याच दिवशीं तेथेंच नांव नोंदवून फेरींत जातां येतें. ही दुसरी सवलत आम्हांस विशेष विचारणीय वाटते. याच संस्थेंत परिषदा, बैठका व दालनें यांची व्यवस्था ठेवण्याकरितां ‘इंडिको’ नांवाची संगणकयोजना तयार झाली व ती सर्वांस विनामूल्य खुली करण्यांत आली. आपल्या राज्यांत जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें आकाशांतील रेडिओलहरी टिपणाऱ्या तीस प्रचंड दुर्बिणी आहेत. तेथें एरवीं पूर्वपरवानगीनेंच जातां येतें, आणि राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास मात्र आसपासच्या गांवांतील हजारों मुलें व शेतकरी प्रदर्शन पाहण्यास जातात. मोबाईलच्या लहरींनीं दुर्बिणींच्या कामांत व्यत्यय येतो, म्हणून पाहुण्यानें तेथें आपला मोबाईल बंद ठेवावयाचा असतो. पाहुण्यामुळें प्रयोगास अपाय होऊं शकतो, हें तेथें सर्वांस मान्य आहे. आपल्याकडील शेतीच्या प्रयोगास तो अपाय पाहुण्याच्या पायांतून होतो.

या मुद्यावर आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों; किंबहुना त्यासाठींच हा लेख लिहिण्यास घेतला.

केळीच्या पनामा मर रोगाचें नांव आपल्या बागाईतदारांच्या कानांवर आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या रोगानें मध्य अमेरिकेंतील ‘ग्रो मिशेल’ जातीच्या बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या, व तिच्या जागीं रोगास दाद न देणाऱ्या कॅव्हेंडिश गटांतील जाती आल्या. आपला ग्रँड नैन याच गटांतला. परंतु त्याच बुरशीचा ‘टी. आर. ४’ या नांवानें ओळखला जाणारा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तैवानांत तो प्रथम दिसला. १९९७ सालीं ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांत, २०१३ सालीं जॉर्डन व मोझांबिक येथें, २०१५ सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड या केळीच्या मुख्य प्रांतांत, २०१९ सालीं कोलंबियांत तो सांपडला. आपल्या देशांत बिहार व उत्तर प्रदेश येथें तो आढळल्याचें तज्ज्ञांनीं प्रसिद्ध केलें आहे. त्यावर औषध नाहीं. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणु जमिनींत कित्येक दशकें जिवंत राहतात. म्हणजे बाप ज्या शेतांत केळ लावून फसला, त्याच शेतांत मुलगाही फसावयाचा. रोग जातो तो कंदांतून, पाण्यांतून, अवजारांतून, गाड्यांच्या चाकांतून आणि जोड्याला चिकटलेल्या मातींतून. शिवाय रोग जडलेलें झाड बाहेरून कित्येक महिने धडधाकट दिसूं शकतें.

आतां आपली सहल कशी असते तें आठवा. सकाळीं एक बाग, दुपारीं दुसरी, सायंकाळीं रोपवाटिका, दुसऱ्या दिवशीं संशोधनकेंद्र. आणि अंगावर त्याच वहाणा. परवां कोणत्या जिल्ह्यांतील कोणत्या बागेंतून हीं माणसें आलीं, हें फाटकावर कोणी विचारीत नाहीं. ज्या ठिकाणीं निरोगी मातृरोपें जपलेलीं असतात, तेथेंही तोच जोडा पोंचूं शकतो. आम्ही कोणास भिववूं इच्छीत नाहीं. जळगांव जिल्ह्यांत हा रोग शिरला आहे असें आमचें म्हणणें नाहीं, आणि मालाच्या गाड्यांतून येणारा धोका पाहुण्यांच्या वहाणांहून लहान आहे असेंही नाहीं. परंतु गाड्यांचा बंदोबस्त एकट्या शेतकऱ्याच्या हातचा नाहीं, वहाणांचा आहे.

येथें भेटींच्या तक्त्याचें खरें महत्त्व दिसून येतें. भेट मागणारास दोन प्रश्न आधींच विचारावे: याच दौऱ्यांत आपण याआधीं कोणती केळीबाग पाहिली, व आपल्या स्वतःच्या बागेंत मर झालेलीं झाडें आहेत काय? उत्तर होकारार्थी असेल तर भेट नाकारूं नये. त्या मंडळींस दिवसाच्या शेवटच्या फेरींत घ्यावें व रोपांच्या विभागांत नेऊं नये. दोन फेऱ्यांमध्यें वीस मिनिटें जोडे धुण्याकरितां मोकळीं ठेवावींत, आणि तीं तक्त्यांतच कोरलेलीं असावींत, म्हणजे कोणी घाईनें गिळूं शकणार नाहीं. निर्जंतुक पाण्याचें टांकें ठेवून भागत नाहीं. आधीं चिखल घासून काढला पाहिजे, नाहींतर औषध मातीच्या वरच राहतें व बीजाणु खालीं सुरक्षित राहतात. संस्थेनें स्वतःचे गमबूट ठेवले तर सर्वांत उत्तम.

आणि देव न करो, पण उद्यां एखाद्या क्षेत्रांत रोग निघालाच, तर गेल्या सहा महिन्यांत येथें कोणकोण येऊन गेलें व तें पुढें कोठें गेलें, हा पहिला प्रश्न येतो. क्वीन्सलंडांत २०१५ सालीं रोग सांपडल्यावर माणसें, यंत्रें व रोपें यांचा असा माग काढणें हेंच मोठें काम होऊन बसलें. ज्या पहिल्या बागेंत रोग निघाला, ती अखेर तेथील केळीउत्पादकांच्या संघानें सरकारच्या मदतीनें विकत घेऊन कायमची बंद केली. बागाईतदारांच्या संघानें सर्वांच्या रक्षणाकरितां एकाची बाग विकत घ्यावी, ही गोष्ट आपल्याकडील संघांनीं मनांत ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे तसा माग काढावयाची वेळ आली तर हातांत काय आहे? अभिप्रायवही. तींत ‘अत्यंत उपयुक्त माहिती मिळाली’ एवढें सांपडेल, खालीं एक न लागणारी सही असेल.

या योजनेवर आक्षेप येतील, व ते सर्वच हलके नाहींत. पहिला हा कीं, हें अ‍ॅपाचें काम झालें, म्हाताऱ्या शेतकऱ्यास तें जमणार नाहीं. हा आक्षेप आम्ही पूर्णपणें मानतों. ज्याच्यापाशीं साधा मोबाईल आहे, त्यास नोंद करण्याकरितां नातवाची वा दुकानदाराची मनधरणी करावी लागत असेल, तर ती नोंद नसून अडवणूक आहे. पण तक्ता संगणकांत असला म्हणून नोंदही संगणकावरूनच झाली पाहिजे असें कोठें आहे? शेतकऱ्यानें दूरध्वनि करावा किंवा कार्ड टाकावें, आणि केंद्रांतील लेखनिकानें तें तक्त्यांत चढवावें. २००४ पासून शेतकऱ्यांच्या प्रश्नांस दूरध्वनीवरून उत्तरें देणारें किसान कॉल सेंटर चालतें. तेव्हां ही वाट अपरिचित नाहीं. भाषेचाही विचार व्हावा. धुळें-साक्रीकडील मंडळींस अहिराणींत, व सातपुड्यांतील बांधवांस पावरींत सांगणारा माणूस असेल तर त्याची पाळी त्या दिवशीं लावावी. तक्त्यास हें सहज समजतें. फाटकावर ऐनवेळीं तें कोणास सुचत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हीं क्षेत्रें सार्वजनिक पैशावर चालतात. तेथें जाण्यास नंबर लावावा लागणें म्हणजे दार लोटून घेणेंच होय, असें कांहीं मंडळी म्हणतात. बड्या संघांच्या व कंपन्यांच्या गाड्या महिनोन्‌महिने आधीं साऱ्या जागा अडवून ठेवतील, आणि दोन एकरवाला एकटा शेतकरी फटफटीवरून आला तर त्यास परत जावें लागेल. ही भीति खोटी नव्हे. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, प्रत्येक दिवसांतील कांहीं जागा, निदान एक फेरी, न नोंदवितां येणाऱ्यासाठीं राखून ठेवावी, व त्यालाही फाटकावर तेच दोन प्रश्न विचारून आंत घ्यावें. शिवाय वर्षांतून एकदां सर्वांस मोकळें रान द्यावें. अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत भरणारी शिवार फेरी हें त्याचें चांगलें उदाहरण आहे. खरीप उभें असतांनाच हजारों शेतकरी प्लॉट पाहून जातात. गर्दीचा दिवस गर्दीकरितां ठरविलेला असला म्हणजे तिचा त्रास होत नाहीं, आणि रोपांचा विभाग त्या दिवशीं बंद ठेवतां येतो.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी काढीत नाहीं, पण आम्हांस ती खुपते. नोंद झाली कीं नांव, गांव, मोबाईल, पीक, क्षेत्र हें सर्व कोणाच्या तरी हातीं जातें. ही यादी बियाणें व औषधें विकणाऱ्यांच्या हातीं लागली तर भेटीनंतर महिनाभर शेतकऱ्याचा मोबाईल वाजत राहील. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं संमत झाला आहे. कायदा आहे म्हणून निश्चिंत न राहतां, जी माहिती रोगाच्या मागासाठीं लागत नाहीं ती विचारूंच नये, व जी लागते ती ठराविक मुदतीनंतर पुसून टाकावी.

खर्चाचा बाऊ करण्याचें कारण नाहीं. वर उल्लेखिलेल्या क्षेत्रांपैकीं जळगांव, ममुराबाद व धुळें येथील क्षेत्रें १९६८ सालीं स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या कक्षेंत येतात. त्यांच्यासाठीं एकच तक्ता करतां येईल, व पालच्या आणि नंदुरबारच्या केंद्रांनीं इच्छा असल्यास त्यांत यावें. असें झालें तर एका दौऱ्यांतील सर्व मुक्काम एकाच जागीं दिसतील व कोणती भेट आधीं, कोणती मागून, हें ठरवितां येईल. विनामूल्य मिळणाऱ्या योजना आहेत. त्या मराठींत करून घेणारीं मुलें आपल्याच जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून दरवर्षीं बाहेर पडतात. अडचण आहे ती तक्ता रोज पाहणाऱ्या एका माणसाची. तो माणूस नेमल्याशिवाय यंत्र बसविलें तर दोन महिन्यांनीं त्यावर धूळच बसेल. असे संगणक आम्हीं पाहिले आहेत.

विद्यापीठाच्या निर्णयाची वाट पाहत आपण स्वस्थ बसावें असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. गेल्या बैठकींत आमच्या संघानें आपल्यापुरता ठराव केला आहे. यापुढें संघाची कोणतीही गाडी पंधरा दिवस आधीं दिवस व तास लेखी ठरल्याशिवाय निघणार नाहीं. एका गाडींत पंचवीसांहून अधिक सभासद घेतले जाणार नाहींत. निघण्यापूर्वीं सर्वांचे प्रश्न एका कागदावर उतरवून संस्थेकडे पाठविले जातील, आणि दौऱ्यांत कोणत्या बागा कोणत्या क्रमानें पाहिल्या याची वही संघाच्या कचेरींत राहील. ही वही तूर्त कागदाची आहे. पहिली सहल कार्तिकांत, बोंडअळीच्या कामाकरितां काढण्याचा विचार आहे. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं आपलें नांव, गांव व विचारावयाचा प्रश्न चिटणीसांकडे आश्विन अखेरपर्यंत पाठवावा. केळीवाल्यांनीं बागेंत मर झालेलीं झाडें असल्यास तसें न लपवितां लिहावें. संघानें पंचवीस जोड गमबूट घेण्याचें ठरविलें आहे, तरी नांवाबरोबर पायाचें मापही कळवावें.